भोर ते बारामती कालव्याकाठाने: टायरआधी माती बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मोकळे आहेत. सायकल ग्रॅव्हल प्रकारची (कच्च्या वाटांसाठी जरा रुंद टायरची), टायर ३८ मिलिमीटरचे आणि आत ट्यूब. तुमचं वजन ७४ किलो, सामान आठेक किलो. पहिल्या दिवशी भोरहून भाटघरच्या जलाशयाकडेने वर रानात जायचं आणि भोरलाच मुक्कामाला परतायचं. दुसऱ्या दिवशी नीरेच्या खोऱ्यातून वीर धरण गाठून तिथून डाव्या कालव्याच्या काठाने बारामती. दुसऱ्या दिवसाचं अंतर ॲपने शंभराच्या आसपास दाखवलंय. तुम्ही विचारताय की टायर ४५चे घ्यावेत का आणि एवढं अंतर झेपेल का.

टायर चालतील. अंतराचं उत्तर मात्र आत्ता कुणीच देऊ शकणार नाही, कारण ते निघण्याआधीच्या चार दिवसांत पाऊस पडला की नाही आणि कालव्याला पाणी सोडलंय की नाही, यावर ठरतं. कोरड्या मुरुमावर शंभर किलोमीटर हा लांबलचक पण सुखाचा दिवस असतो. ओल्या काळ्या मातीत तीन किलोमीटरसुद्धा होत नाहीत, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून आधी माती.

या वाटेवर तीन प्रकारची जमीन लागते. भोरच्या पश्चिमेला डोंगरउताराची तांबूस, मुरमाड, दगडगोट्यांची जमीन आहे. पाऊस तिथे जास्त, पण पाणी धरून ठेवायला माती जाडच नाही. सर थांबली की अर्ध्या दिवसात वाट चालण्याजोगी होते. भोर ते वीर या मधल्या पट्ट्यात सगळं मिसळलेलं आहे: डांबरी, फुटलेलं डांबर, पाणंदी, ओढ्याकाठी काळी, टेकाडावर मुरूम. वीरच्या खाली, कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात, खोल काळी माती. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती टायरला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढवते. टायर आणि फ्रेम यांच्यात सहा-सात मिलिमीटरची जागा असेल तर शंभर मीटरच्या आत चाक अडकतं. ४५चा टायर घेतलात तर ही जागा आणखी कमी होईल, म्हणजे ज्या चिखलाच्या भीतीने टायर बदलायचा त्याच चिखलात तो आधी अडकेल. मडगार्ड असतील तर या टप्प्यासाठी घरीच काढून ठेवा.

जागेवर करायची परीक्षा सोपी आहे. वाटेतली मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला, त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि तो कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावरही फुटला नाही, तर त्या वाटेने जाऊ नका. फुटून विखुरला तर जा. पृष्ठभाग कोरडा दिसतो म्हणून फसू नका; टाचेने दोन बोटं खोल उकरून आतली माती घ्या. चांगल्या पावसानंतर काळ्या मातीला तीन ते चार दिवस कडक ऊन लागतं, सावलीच्या टप्प्यात त्याहून जास्त.

दिवाळी ऑक्टोबरात आली की नोव्हेंबरात, याने बराच फरक पडतो. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आवरतो, पण एखाद-दुसरी वळवासारखी सर नंतरही येते. लवकरची दिवाळी असेल तर कालव्याचा बेत पक्का धरू नका, पर्याय हाताशी ठेवा (तो पुढे देतो). नोव्हेंबर उजाडल्यावर माती साथ देते, मात्र ऊसतोड सुरू झालेली असते. हा पट्टा सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांच्या उसाचा आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला भरलेला ट्रॅक्टर कच्च्या वाटेवर आपली चाकोरी सोडत नाही आणि त्याला पटकन थांबताही येत नाही. समोरून आला की सायकलवरून उतरायचं आणि शेताच्या बाजूला सरकायचं, कालव्याच्या बाजूला कधीच नाही. डिसेंबरपासून याच ट्रॉल्या मातीचा पिठासारखा फुफाटा करतात. त्यात पुढचं चाक बुडतं आणि खालचा खड्डा दिसत नाही.

आता आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी. नीरेच्या कालव्यांना पाणी बारमाही नसतं, खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा पाळ्यांनी सोडतात. तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. त्याहून भरवशाची बातमी वीर किंवा नीरा गावातल्या चहाच्या टपरीवर मिळते, कारण कोणत्या चारीला (कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटाला) पाणी कधी येणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. कालवा वाहता असताना काठ सुंदर दिसतो, पण जुन्या भरावातून पाझर फुटतो आणि आभाळ निरभ्र असूनही वाट मध्येच शंभर-दोनशे मीटर मऊ होते. पाटकऱ्याने (पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) चारीचं दार उघडलेलं असलं तर पुढच्या सखल भागात पाणी थेट वाटेवर आलेलं असतं. कालवा कोरडा असेल तर वाट चांगली, पण तेव्हा दुरुस्तीची आणि अस्तरीकरणाची (आतून काँक्रीट लावण्याची) कामं निघतात आणि यंत्रांनी सेवारस्ता, म्हणजे कालव्याच्या काठाने जाणारी देखभालीची वाट, अडवलेला असतो. माझी पसंती आवर्तन संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याला.

हा कालवा कसा आखलाय ते समजून घेतलंत तर ॲपच्या रेषेवर फार विसंबावं लागणार नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला. त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं सध्याचं धरण १९२८ साली पुरं झालं, नीरेची उपनदी वेळवंडीवर. कालवा वीरला निघतो आणि नीरेच्या डाव्या अंगाने, नदीपेक्षा उंचावरून, जमिनीची समान पातळी धरत पूर्वेला जातो. त्याला उतार इतका थोडा असतो की सायकलस्वाराला तो सपाटच वाटतो. फुकटचा उतार मिळेल ही आशा सोडा. दिवसभर पाय मारत राहावं लागतं आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा पाठीशी असेल तेवढीच मदत. दिवाळीनंतर मात्र वारा बऱ्याचदा पूर्वेकडून येतो.

पातळी धरून जायचं म्हणजे प्रत्येक ओढ्यापाशी कालव्याला निर्णय घ्यावा लागतो: ओढ्याच्या खोलगटीत आत वळून जायचं, की जलसेतूवरून (पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून) ओलांडायचं. जिथे तो आत वळतो तिथे तुमचं अंतर वाढतं. कालवाकाठचं अंतर सरळ रस्त्याच्या सव्वापट ते दीडपट धरा. जिथे जलसेतू आहे तिथे सेवारस्ता बहुतेक वेळा सेतूवरून जात नाही, तीव्र उताराने ओढ्यात उतरतो आणि पलीकडे चढतो. हे उतार सुटी खडी आणि पावसाच्या घळींनी खाल्लेले असतात. टायर ३८चे आणि मागे सामान असेल तर उतरून चाला. दर खेपेला मिनिट जातं, त्यापलीकडे नुकसान नाही. ओढ्यात पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ वाहत असेल तर मागे फिरून गावाचा पूल धरा.

सेवारस्ता सहसा नदीकडच्या, म्हणजे भरावाच्या बाजूला असतो. पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केलंत तर तुमच्या उजव्या हाताला. दुसऱ्या काठावरही वाट दिसते, पण ती बऱ्याचदा शेतकऱ्यांची असते आणि एखाद्या विहिरीशी किंवा वस्तीशी संपते. रेषा दुसऱ्या काठाला गेली की ती का गेली हे उपग्रहचित्रात तपासा. गावरस्त्यांचे पूल कालव्यावर थोड्या-थोड्या अंतरावर येतात, ते सगळे नकाशावर खूण करून ठेवा. वाट बिघडली की सुटण्याच्या जागा त्याच.

भरावाच्या दोन्ही कडांपासून हातभर आत राहा. कालव्याकडची कड पाण्याने आतून पोखरलेली असू शकते आणि बाहेरची कड बिळांनी पोकळ झालेली असते. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फोडल्याची भरपूर चेष्टा झाली. जबाबदारीचा वाद बाजूला ठेवला तरी मातीच्या भरावात बिळं असतात हे कालव्याकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. अस्तर केलेल्या कालव्यात पाय धुवायला उतरू नका. उतरत्या काँक्रीटवर शेवाळ असतं आणि आत पडलेल्या माणसाला हाताने धरायला काही सापडत नाही. पायऱ्यांचा घाट असेल तिथेच पाण्याजवळ जा.

आणखी दोन गोष्टी नेहमी आडव्या येतात. एक, पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप. ते वाट ओलांडून पुरलेले असतात आणि वर मातीचा उंचवटा असतो, कधी पाइपच उघडा पडलेला असतो. त्यावरून काटकोनातच जा. दुसरी, वायरी. मोटारीच्या वायरी बांबूवर किंवा झाडावर टांगलेल्या असतात आणि झोल पडून डोक्याच्या उंचीवर येतात. एवढ्या कारणासाठीसुद्धा अंधार पडल्यावर सेवारस्ता सोडून डांबरी रस्ता धरावा. रात्री उसाच्या कडेला घोणस असते, हे दुसरं कारण.

सेवारस्ता हा जलसंपदा विभागाचा आहे, सार्वजनिक रस्ता नाही. गावकरी रोज वापरतात आणि सायकलवाल्याला सहसा कुणी हटकत नाही. तरी जिथे साखळी, फाटक किंवा मनाईचा फलक असेल तिथून जाऊ नका. विमोचकाच्या, म्हणजे कालव्यातून पाणी सोडायच्या, दारांपाशी तर थांबूही नका. गटाने जाणार असाल तर पाटबंधारे शाखा कार्यालयात आधी अर्ज दिलेला बरा. बारामती शहरात कालव्याचे काठ बांधीव आणि गर्दीचे आहेत. गावाच्या अलीकडेच रस्त्याला लागा.

आता पहिला दिवस. भाटघरच्या जलाशयाकडेने भुतोंड्याच्या दिशेला जाणारा रस्ता बराचसा डांबरी, मधे उखडलेला आणि सतत वर-खाली होणारा आहे. डोंगराची प्रत्येक सोंड पाण्यात उतरते आणि रस्ता प्रत्येक सोंडेवर चढतो. एकही चढ मोठा नाही, पण बेरीज पायांना कळते. सामान घेऊन जाणार तर सर्वांत हलका गिअर एकास एक, म्हणजे पुढची आणि मागची दातेरी चाकं सारख्या दात्यांची, एवढा तरी हवा.

इथे ॲपचा सापळा वेगळा आहे. उपग्रहचित्र मे महिन्यातलं असेल तर पाणी आटलेल्या जलाशयाच्या पोटात मस्त सपाट वाटा दिसतात; गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणाऱ्यांच्या आणि जनावरांच्या. दिवाळीत धरण भरलेलं असतं आणि त्या वाटा पाण्याखाली असतात. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं चित्र काढून त्यावर रेषा आखा. त्याच चित्रात रंगावरून जमीनही ओळखता येते: नांगरलेली काळी माती गडद करडी, मुरूम फिकट पिवळसर-तांबूस.

रानातल्या गाडीवाटांबद्दल सांगायचं तर नकाशावर असलेली निम्मी वाट जागेवर तुटलेली निघते. कारण बहुतेक वेळा सलग समतल चर. पाणी मुरवण्यासाठी डोंगरउतारावर आडवे चर खणतात आणि ते जुन्या वाटा बिनदिक्कत कापतात. रोपवनाभोवती गुरं येऊ नयेत म्हणून वेगळे, खोल चर असतात. चित्रात डोंगरावर समांतर बारीक रेघा दिसल्या की तिथून सायकल जाणार नाही असं समजा. राखीव वनात मळलेली वाट सोडून सायकल घालायला वनविभागाची परवानगी लागते, आणि या भागातल्या देवरायांमधून तर सायकल नेऊच नका. बाहेर ठेवून चालत जा. ऐन, हिरडा, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या रस्त्यावरूनही पोटभर बघायला मिळतात. दिवाळीत गवत छातीपर्यंत असतं आणि वाटेची कड त्यात हरवते, म्हणून उतारावर वेग कमीच ठेवा.

मुक्कामाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. भोरला परत येऊन झोपू नका. पहिल्या दिवशी जलाशयाकडेने जायचं ते अर्धंच जा, दुपारी एकला जिथे असाल तिथून वळा आणि संध्याकाळपर्यंत भोर ओलांडून महामार्गावर शिरवळला या. औद्योगिक गाव असल्याने राहायची सोय होते. सकाळी नीरा ओलांडून सारोळ्याच्या बाजूने, म्हणजे डाव्या काठाने, वीरकडे निघा. दुसऱ्या दिवसातून वीसेक किलोमीटर कमी होतात आणि कालव्यावर तुम्ही ऊन चढायच्या आत पोचता.

वेळेचा हिशेब अंतराने नाही, जमिनीने करा. सामानासह सरासरी वेग मी असे धरतो: डांबरी ताशी २१ किलोमीटर, कोरडा मुरूम १६, कोरडी पण चाकोऱ्या पडलेली काळी माती १२, आणि रस्त्याच्या कामासाठी पसरलेली, रोलर न फिरवलेली खडी ८. समजा २५ किलोमीटर डांबरी, ३० मुरूम आणि १० काळी माती. पाय मारण्याचे जवळपास चार तास झाले. त्यात ओढे, चहा, पंक्चर आणि वाट शोधणं यांचे दोन तास घाला. म्हणजे ६५ किलोमीटरला सहा तास. तुमच्या दुसऱ्या दिवसाची रेषा असे तुकडे करून मोजा. बेरीज नऊ तासांवर गेली तर कालव्याचा टप्पा सोमेश्वरनगर किंवा वडगाव निंबाळकरला सोडून पुढे डांबरीने बारामती गाठा.

पाऊस झालाच तर पर्याय असा. नीरेच्या काळ्या पट्ट्यात उतरूच नका, उत्तरेला कऱ्हेचं खोरं धरा: सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती. हा माळरानाचा, पर्जन्यछायेतला प्रदेश आहे. उंचवट्यांवर मुरूम उघडा पडलेला असल्याने पाणी झरझर निघून जातं. मोरगावहून सुप्याकडे वळलात तर मयूरेश्वर अभयारण्य लागतं, साधारण पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. गवताळ रान आहे, दाट झाडी शोधू नका. आत सायकल नेता येईल का हे फाटकावर विचारा, आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. कऱ्हेच्या पात्रातून जाणाऱ्या वाटा मात्र टाळा. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

राहिले टायर. तुमच्या वजनाला ट्यूबसह पुढे ३८ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागे ४२ ते ४५ ठेवा. याहून कमी केलंत तर खडीवर रिमचा मार बसून ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. याहून जास्त केलंत तर मुरुमावर चाक उड्या मारतं आणि मनगटं दुखतात. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) करता येत असेल तर जरूर करा, मग सहा-सात पीएसआय उतरवता येतात. त्यामागचं मोठं कारण प्रेशर नाही, काटे आहेत. कालव्याकाठी बाभूळ आणि वेडी बाभूळ, माळावर सराटे. शेतकरी बांधावरच्या फांद्या तोडून वाटेवर टाकतात तेव्हा एका झटक्यात दहा काटे लागतात. प्रत्येक टायरमध्ये ६० मिलिलिटर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. आपल्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून गेल्या पावसाळ्याआधी भरलेलं असेल तर धरू नका. बाभळीचा काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल, तर मुक्कामापर्यंत उपटू नका. ट्यूबवाल्यांनी उलट करायचं: काटा काढायचा, आणि नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवायचा. मोडलेलं टोक असेल तिथे कापूस अडकतो, बोट फिरवलंत तर बोटात घुसतं.

गावातल्या सायकल दुकानात तुमच्या मापाची ट्यूब मिळणार नाही, आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्वला त्यांचा पंप बसणार नाही. म्हणून दोन ट्यूब, पितळी ॲडॅप्टर, हातपंप, पॅच, आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा चार बोटं लांब तुकडा एवढं घ्याच. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, तुमच्या फ्रेमचाच लागतो. उसाचं पाचट डिरेलरमध्ये गुंतून तो वाकतो किंवा मोडतो, म्हणून एक जादा ठेवा. साखळीला पातळ मेणाचं वंगण द्या. जाड तेलाला फुफाटा चिकटून काळा लेप होतो आणि साखळी एका मोसमात ताणते.

परतीसाठी बारामतीहून दौंडला रेल्वे आहे आणि पुण्याला भरपूर एसटी. सायकल मात्र दोन्हीकडे गृहीत धरू नका. एसटीत ती घेणं गाडी आणि वाहकावर अवलंबून असतं, आणि रेल्वेत पार्सल म्हणून द्यायची तर त्या स्थानकावर पार्सलची सोय हवी. आदल्या दिवशी चौकशी करा, पुढचं चाक काढून बांधायला दोन पट्टे आणि एक जुनी चादर जवळ ठेवा, आणि दिवाळीच्या गर्दीत हे जमणार नाही असं वाटलं तर घरच्या कुणाला तरी गाडी घेऊन बारामतीला यायला आधीच सांगून ठेवा.